शिलकीतले सूप

नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कृतज्ञतेचा जो राष्ट्रीय सण साजरा होतो, आणि ज्याचा दिवस १९४१ साली तेथील विधिमंडळाने कायदा करूनच मुक्रर करून टाकला, त्या सणाच्या दुसऱ्या दिवशी लक्षावधी घरांतील ओट्यावर टर्की पक्ष्याचा एक भलामोठा सापळा पडलेला असतो. छातीचे मांस केव्हाच संपलेले, पण बरगड्यांच्या फटींत, मानेच्या मणक्यांत आणि पाठीच्या खळग्यांत अजून धागे चिकटलेले, असा हा सापळा पुष्कळ घरांतून कचऱ्याच्या हवाली होतो. परंतु त्या देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, म्हणजे न्यू मेक्सिको व ॲरिझोना ही दोन राज्ये आणि त्यांना लागून असलेला कोलोरॅडो व टेक्सासचा पट्टा मिळून जो उंच, कोरडा आणि उन्हाने भाजून निघालेला मुलूख होतो तेथे, हाच सापळा मोडून, पाण्यात घालून, मंद आचेवर तासन्‌तास ठेवला जातो. आणि त्यातून निघालेल्या पाण्यात मका, घेवडा, भोपळा आणि विस्तवावर भाजलेली मिरची घालून असे एक दाट व पोटभरीचे सूप सिद्ध होते की त्यानंतर दुसरे काही वाढण्याची गरज राहत नाही.

या सूपाची कृती सांगण्यापूर्वी त्यातील पाण्याविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हाडे उकळून काढलेल्या पाण्याला, ज्यास पाकशास्त्राच्या पुस्तकांत स्टॉक म्हणतात, अलीकडे जवळजवळ औषधाचा दर्जा देण्यात आला असून मोठ्या शहरांतून ते बाटल्यांत भरून बलवर्धक म्हणून विकले जाते. ही समजूत जुनी आहे, आणि तिची झडतीही तितकीच जुनी आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबाने हाडे मऊ करणारे घट्ट झाकणाचे एक पात्र मांडले. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचा तो आद्य पूर्वज होय. १६८२ च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांनी त्या पात्रात शिजलेले भोजनही केले, आणि जॉन एव्हलिन या गृहस्थाने आपल्या रोजनिशीत त्या भोजनाची मोठ्या कौतुकाने नोंद करून ठेवली. फुकट जाणाऱ्या हाडांतून गरिबांचे पोट भरता येईल ही आशा तेव्हापासून युरोपात बळावत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या रुग्णालयांतून हाडांच्या जिलेटिनचे सूप सर्रास वाटले जाऊ लागले. पण ते पिणाऱ्यांच्या तक्रारी थांबेनात, तेव्हा तेथील विज्ञान अकादमीने एक समिती नेमली. फ्राँस्वा माजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तिने कुत्र्यांवर दीर्घकाळ प्रयोग केले आणि १८४१ साली निर्वाळा दिला की केवळ जिलेटिनवर प्राणी जगू शकत नाही.

त्यामागचे कारण आज रसायनशास्त्र नेमके सांगू शकते. शरीराला जी अमिनो आम्ले बाहेरून मिळवावी लागतात त्यांपैकी ट्रिप्टोफॅन हे जिलेटिनमध्ये मुळीच नसते. मक्यातही ते तुटपुंजे असते, आणि लायसीन नावाचे दुसरे एक आम्लही मक्यात कमीच. घेवड्यात मात्र लायसीन भरपूर आणि ट्रिप्टोफॅनही पुरेसे असते. घेवड्याला ज्या मेथिओनीनची उणीव भासते ते पुन्हा मका पुरवितो. सारांश, नैर्ऋत्येच्या या सूपात जे अन्न आहे ते मका आणि घेवडा यांच्या संगतीत आहे, आणि हाडांचे पाणी हे त्या अन्नाला चव, सुवास व अंग देणारे त्याचे वाहन आहे. हा विवेक एकदा मनाशी ठेवला म्हणजे स्टॉककडून भलत्या अपेक्षा राहत नाहीत. आणि मग तो किती मोठे काम करतो हेही नीट दिसू लागते.

शिलकी पाण्याची किंमत महाराष्ट्राला शिकविण्याची गरज नाही. होळीला पुरणासाठी शिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीवरचा कट आपण मोरीत ओतत नाही; त्याची चिंच, गूळ आणि काळा मसाला घातलेली आमटी कित्येक घरांत पुरणपोळीपेक्षाही आवडीने खाल्ली जाते. कोल्हापुरात मटण शिजवून निघालेले अळणी हा तर साऱ्या जेवणाचा पाया असतो. त्याच एका पाण्यातून खसखस-काजू-नारळाचा पांढरा रस्सा आणि मिरचीचा तांबडा रस्सा असे दोन वेगळे प्रकार निघतात. ज्या घरात अळणी नीट उतरते त्या घरात प्रस्तुत सूप साधण्यास काहीच अडचण पडू नये.

स्टॉकची पहिली अट अशी की सुरुवात थंड पाण्याने करावयाची. पाच-सहा किलो वजनाच्या टर्कीचा सापळा असेल तर तो मोडून भांड्यात दाबून बसवावा आणि तो जेमतेम बुडेल इतके, म्हणजे सुमारे चार लिटर, पाणी घालावे. आपल्याकडे टर्की सहसा मिळत नाही. दोन-तीन कोंबड्यांची हाडे, माना आणि पंख त्याच कामी येतात, व त्यांत चार-सहा स्वच्छ केलेले कोंबडीचे पाय घातले तर फारच उत्तम, कारण सांधे, कातडी आणि कूर्चा यांतच कोलॅजेन नावाचे प्रथिन विपुल असते. पाणी हळूहळू तापत गेले म्हणजे मांसातील विरघळणारी प्रथिने सावकाश गोठून करड्या फेसाच्या रूपाने वर येतात आणि पळीने काढून टाकता येतात. एकदम उकळत्या पाण्यात हाडे टाकली तर तोच फेस बारीक कणांच्या रूपाने पाण्यात विखुरतो आणि मग कितीही गाळले तरी गढूळपणा जात नाही.

दुसरी अट आचेची. भांड्याच्या कडेला एखाददुसरा बुडबुडा वर यावा, पृष्ठभाग किंचित थरथरावा, इतकीच आच पाहिजे. कोलॅजेनच्या तिपेडी साखळ्या उलगडून त्यांचे जिलेटिन होण्यास पाण्याची प्रत्यक्ष उकळी लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि कोंबडी-टर्कीच्या हाडांना तो तीन ते चार तास द्यावा लागतो. खळखळून उकळले तर वर तरंगणारी चरबी फेटली जाऊन पाण्यात मिसळते आणि स्टॉकला एक जड, साबणासारखी चव येते. कांदा, गाजर, सेलरीचा दांडा, दोन तमालपत्रे, आठ-दहा मिरे ही मंडळी शेवटच्या तासात घालावीत. आधीपासून घातलेल्या भाज्यांचा सुवास उडून जातो. मीठ घालूच नये. हे पाणी पुढे आटणार असते, आणि आटताना मीठ मागेच राहते.

वेळ नसेल तर कुकर आहेच. पापँच्या पात्राचे हे सुधारलेले रूप पाण्याचे उष्णमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास नेते, त्यामुळे तासाभरात तेवढेच जिलेटिन उतरते. फक्त शिटी उचलून वाफ घाईने सोडू नये. दाब एकदम उतरला की आतले पाणी उसळते, आणि जो गढूळपणा टाळण्यासाठी एवढी दक्षता घेतली तोच पदरी पडतो.

आता शिल्लक राखण्याचा प्रश्न, आणि येथे यत्किंचितही हयगय चालत नाही. गाळलेला गरम स्टॉक हे जंतूंच्या वाढीला अतिशय अनुकूल स्थळ असून, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूची बीजे तर उकळण्यातूनही वाचतात आणि पाणी कोमट राहिले की झपाट्याने वाढू लागतात. सुमारे ६० ते ५ अंशांमधला हा टापू स्टॉकने शक्य तितक्या त्वरेने ओलांडला पाहिजे. म्हणून मोठे पातेले झाकून ओट्यावर रात्रभर ठेवण्याचा शिरस्ता सोडून द्यावा. स्टॉक दोन-तीन पसरट भांड्यांत विभागावा, ती बर्फ घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावीत, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये न्यावीत. तेथे तो तीन-चार दिवस टिकतो, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने त्याची चव शाबूत राहते, आणि वापरताना त्याला पुन्हा खळखळून उकळी आणणे हा नियमच समजावा.

दुसऱ्या दिवशी झाकण काढून पाहावे. वर फिकट पिवळ्या चरबीचा पापुद्रा घट्ट बसलेला असतो; चमच्याच्या टोकाने तो एका कडेने उचलला की कपच्यांसारखा सुटून येतो, आणि त्याखाली मधाच्या रंगाचा, भांडे हलविले असता थरथरणारा, बोट लावले तर क्षणभर त्याचा ठसा धरणारा असा गोठलेला स्टॉक दिसतो. काही जण हे दृश्य पाहून स्टॉक बिघडला असे समजतात. वस्तुतः तो उत्तम साधल्याची ती खूण आहे. हेच जिलेटिन गरम सूपात विरघळून त्याला तो गुळगुळीत भरीवपणा देते, जो नुसत्या पाण्यात मैदा कालवून कधीही येत नाही. चरबीचा पापुद्रा टाकू नये. तिचे काम पुढे आहे.

आता त्या मुलखाकडे वळू. मेक्सिकोतून मका या प्रदेशात सुमारे चार हजार वर्षांपूर्वी पोहोचला, आणि भोपळा व घेवडा यांच्यासह त्याने रिओ ग्रांदे नदीच्या काठी व आसपासच्या पठारांवर वस्ती करणाऱ्या पुएब्लो लोकांच्या पूर्वजांचे जीवन स्थिर केले. टर्कीही तेथलीच. त्या लोकांनी ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पाळली, पण आरंभी मांसासाठी तितकी नव्हे. तिची पिसे दोऱ्यांत गुंफून ते हिवाळ्यासाठी उबदार पांघरुणे विणत, आणि नियमितपणे तिचे मांस खाण्याचा प्रघात कित्येक शतकांनी पडला. १५४० साली फ्रान्सिस्को व्हास्केस दे कोरोनादो हा स्पॅनिश सरदार सोन्याच्या सात नगरांच्या वार्तेवर विसंबून मोठा लवाजमा घेऊन येथे आला, तेव्हा झुन्यी लोकांच्या गावात त्याच्या उपाशी सैन्याला सोने काही सापडले नाही. सापडले ते मका, घेवडा, टर्की आणि मीठ. आणि त्या वेळच्या एका वृत्तांतात या जिनसांना सोन्याचांदीहून अधिक मोल दिलेले आहे. आपल्या सूपाची अर्धीअधिक यादी त्या वृत्तांतात आलेली आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

उरलेली अर्धी यादी स्पॅनिश लोकांनी आणली. १५९८ मध्ये हुआन दे ओन्यातेच्या मागोमाग वसाहतवाले आले, त्यांच्याबरोबर मेंढ्या, डुकरे व गहू आले, आणि स्पॅनिश चुलीवरील कांदा, लसूण, जिरे व कोथिंबीर ही मंडळीही या मुलखात रुजली. पुढे १६८० च्या उठावात पुएब्लो लोकांनी स्पॅनिश अंमल बारा वर्षांपुरता उखडून फेकला. १८२१ नंतर हा सुभा मेक्सिकोकडे, १८४८ च्या तहाने अमेरिकेकडे गेला, आणि १९१२ साली न्यू मेक्सिको व ॲरिझोना यांना राज्यांचा दर्जा मिळाला.

मिरचीची हकिगत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून हे सूप त्या मुलखाचे राहत नाही. मिरची मूळची अमेरिका खंडाचीच. पोर्तुगीज जहाजांतून ती सोळाव्या शतकात गोव्याला उतरली, आणि तोवर मिरे व पिंपळी यांवर तिखटाची भूक भागविणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरांचा तिने इतका पूर्ण ताबा घेतला की ती परकी होती हे सांगूनही खरे वाटत नाही. मका, टोमॅटो, लाल भोपळा, घेवडा यांचीही जन्मभूमी तीच. उलट जिरे आणि कोथिंबीर ही आपल्या परिचयाची जोडी त्याच काळाच्या आसपास स्पॅनिश जहाजांतून तिकडे गेली. त्यामुळे रिओ ग्रांदेकाठच्या या सूपातील एकही प्रमुख पदार्थ कोकणातल्या किंवा देशावरच्या मंडईत अनोळखी नाही.

न्यू मेक्सिकोच्या मिरचीला आज जे रूप आहे त्याचे श्रेय फाब्यान गार्सिया या कृषिशास्त्रज्ञाकडे जाते. मेक्सिकोतील चिवावा प्रांतात जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला आणि आजीने वाढविलेला हा मुलगा लास क्रूसेस येथील कृषी महाविद्यालयातून १८९४ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांच्या तुकडीत होता. शेतकऱ्यांच्या मिरच्या तेव्हा आकाराने व तिखटपणाने एकसारख्या येत नसत. गार्सियाने निवड व संकर करीत वर्षानुवर्षे खपून लांब, गुळगुळीत, सोलण्यास सोपी आणि बेताच्या तिखटाची 'न्यू मेक्सिको क्रमांक ९' ही जात तयार केली, आणि आजच्या हॅच खोऱ्यातील नामांकित मिरच्यांचा वंश तिच्यापर्यंत जाऊन भिडतो. १९६५ साली मिरची आणि पिंटो घेवडा या दोहोंना मिळून त्या राज्याने आपली अधिकृत भाजी म्हणून जाहीर केले. तेथील खाणावळीत 'लाल की हिरवी?' असा प्रश्न विचारतात तो मिरचीविषयी असतो. तो प्रश्न राज्याने अधिकृतपणे स्वीकारलेला आहे, आणि ज्याला दोन्ही हव्या असतील तो 'ख्रिसमस' असे उत्तर देतो.

हिरवी मिरची तेथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जाळीच्या फिरत्या पिंपांत, गॅसच्या झोतावर पोत्याने भाजतात, आणि त्या दिवसांत बाजाराच्या साऱ्या रस्त्यांवर तिचा धुरकट वास भरून राहतो. घरी हे काम शेगडीवर होते. जाड, मांसल मिरची थेट ज्वाळेवर धरून फिरवीत राहावे. साल प्रथम चकचकीत होते, मग तिच्यावर फोड येतात, फोड काळे पडून तडतडतात, आणि सगळी मिरची कोळशासारखी दिसू लागली की ती एका वाडग्यात टाकून वर ताटली झाकावी. दहा-पंधरा मिनिटांत तिच्याच वाफेने साल सुटते, बोटांनी चोळले की निघून येते, आणि आत ओली, मऊ, हिरवीगार, धुराचा वास धरलेली मिरची हाती राहते. ती नळाखाली धुऊ नये. जी चव मिळविण्यासाठी भाजली ती पाण्याबरोबर वाहून जाते. दोन-चार काळे ठिपके राहिले तरी हरकत नाही. तिखट कमी हवे असेल तर आतील पांढरी शीर काढावी, कारण तिखटपणा बियांपेक्षा त्या शिरेत अधिक असतो. आपल्याकडे भावनगरी मिरची या कामी चांगली. तिच्या जोडीला एक ढोबळी मिरची भाजून घेतली की अंगही भरते.

मक्याबद्दल एक मुद्दा उरतो, आणि तो मला या संपूर्ण विषयातला सर्वांत विचारणीय वाटतो. नैर्ऋत्येत व मेक्सिकोत वाळलेला मका नुसता शिजवीत नाहीत. तो चुन्याच्या पाण्यात, किंवा होपी लोकांप्रमाणे विशिष्ट झुडपांच्या राखेच्या पाण्यात, उकळून रात्रभर तसाच ठेवतात. किलोभर मक्याला दहा ग्रॅम चुना पुरतो, आणि चुना तोच, जो विड्याच्या पानाला लावतात. सकाळी दाणे चोळून धुतले की त्यांची चिवट साल निसटते, आणि पुढे शिजताना ते फुलासारखे उमलतात. या संस्कारामुळे मक्यात बंदिस्त असलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. मका युरोपात गेला तो हा संस्कार मागे ठेवून. त्याचा परिणाम असा झाला की अठराव्या शतकात स्पेन व इटलीतील मकाभक्षक गरिबांना पेलाग्रा या भयंकर रोगाने ग्रासले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्याच दक्षिणेकडील राज्यांत त्याने कहर मांडला. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने तो रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे हे सिद्ध करण्यासाठी जिवाचे रान केले, आणि नायसिनचा उलगडा १९३७ साली झाला. ज्यांना जीवनसत्त्व हा शब्दही ठाऊक नव्हता त्या लोकांच्या चुलीवर या रोगाचे निवारण शतकानुशतके चालू होते. आदिवासी समाजांच्या पाककृतींकडे मागासपणाच्या खुणा म्हणून पाहणाऱ्यांनी ही हकिगत अवश्य वाचावी.

चुन्यात संस्कारलेल्या या मक्याला न्यू मेक्सिकोत पोसोले म्हणतात, आणि त्याच्याच नावाचे सूप तेथे नाताळात व नववर्षदिनी शिजते. आपल्या सूपात तो मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास ताज्या कणसांचे दाणेही गोड लागतात, फक्त ते शेवटी घालावे लागतात.

आता प्रत्यक्ष कृती. सहा माणसांना दोन लिटर स्टॉक आणि पाव किलो सुका घेवडा हे प्रमाण धरावे. तेथे ठिपक्याठिपक्यांचा पिंटो घेवडा वापरतात. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील कोरेगावचा, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा त्याच जातीचा असून तो या सूपाला सर्वतोपरी लायक आहे. घेवडा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळलाच पाहिजे, कारण या वर्गाच्या कच्च्या दाण्यांत पोट बिघडविणारे एक द्रव्य असते आणि ते मंद आचेने नष्ट होत नाही. मग तो मऊ शिजवावा. सांता फे हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच वसलेले आहे. तेथे पाणी ९३ अंशांनाच उकळते, म्हणून घेवड्याचे भांडे चुलीवर अर्धा दिवस राहते आणि कुकर असलेले घर भाग्यवान समजले जाते. आपल्याला ती विवंचना नाही. पण टोमॅटो किंवा लिंबू घेवड्याबरोबर शिजायला घालू नये, हा नियम दोन्हीकडे सारखाच. आंबटपणाने दाण्यांची कवचे आवळून धरतात आणि ते तासन्‌तास दडदडीत राहतात.

जाड बुडाच्या पातेल्यात स्टॉकवरची राखून ठेवलेली चरबी दोन चमचे तापवावी. तीत दोन मोठे कांदे चिरून, घाई न करता, कडा पिंगट होईपर्यंत परतावेत. मग आठ पाकळ्या लसूण, आणि कोरडे भाजून भरड कुटलेले दीड चमचा जिरे घालावे. लाल मिरचीचा रंग हवा असल्यास सहा-सात बेडगी मिरच्या, बिया झाडून, कढत पाण्यात अर्धा तास भिजवून, वाटून, गाळून ती पेस्ट याच वेळी चरबीत मिनिटभर परतावी. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही चरबीत विरघळतात, म्हणून हे परतणे चुकवू नये, आणि करपू तर मुळीच देऊ नये, कारण करपलेल्या मिरचीचा कडवटपणा कशानेही जात नाही. यानंतर गोठलेला स्टॉक घालून उकळी आणावी. शिजलेला घेवडा, पोसोले असल्यास तोही वेगळा मऊ शिजवून, आणि पाव किलो लाल भोपळ्याच्या फोडी त्यात सोडाव्यात. भोपळा पंधरा-वीस मिनिटांत शिजतो. मग दोन टोमॅटो भाजून, चुरडून घालावेत. भाजलेल्या मिरच्यांच्या पट्ट्या, ओरेगानोची चिमूट आणि, ताजा मका असल्यास, त्याचे दाणे घालून आणखी दहा मिनिटे ठेवावे. हाडांवरून उतरविलेले शिळे मांस सर्वांत शेवटी, केवळ उकळी येण्यापुरते घालावे; ते एकदा शिजलेले असते आणि पुन्हा शिजले की दोऱ्यासारखे होते. सूप पातळ वाटले तर वाटीभर घेवडा पळीने भांड्याच्या कडेला चेचावा. मीठ आता, चव पाहून.

शाकाहारी घरांनी या सूपाला मुकण्याचे कारण नाही. दाणे काढलेली मक्याची सहा-सात बुरकुंडे, कांदा, भोपळ्याची साल व बियांचा गाभा आणि कोथिंबिरीचे दांडे दोन लिटर पाण्यात पाऊण तास मंद उकळले की फिकट सोनेरी, गोडसर पाणी उतरते. त्यात घेवडा शिजविल्याचे दाट पाणी मिळवावे. जिलेटिनचे अंग त्याला नसते, ते चेचलेल्या घेवड्याने भरून काढता येते. पुरणाच्या दिवशीचा कट उरला असेल, आणि त्यात अजून गूळ-चिंच पडली नसेल, तर तोही येथे निःशंक वापरावा. अन्न जेथे आहे ते मका-घेवड्याचे भांडार शाकाहारी पातेल्यातही तसेच भरलेले असते.

वाढताना वर कोथिंबीर, बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि प्रत्येकाच्या वाडग्यात लिंबाची फोड. मक्याच्या शिळ्या टॉर्टिया पट्ट्या कापून तळून घालण्याची तिकडची रीत आहे. तिच्या जागी मक्याची भाकरी कुरकुरीत भाजून, मोडून घातली तरी सूप तितकेच खुलते. हे सूप दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, परंतु घेवडा व मका पाणी ओढून घेतात, म्हणून थोडा स्टॉक बाजूला काढून ठेवावा आणि गरम करताना तो घालून सूप पुन्हा सैल करावे.